चौकोन दिसले म्हणून नाव पुसू नका

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि ‘न्हावा शेवा’च्या जागी रिकामे चौकोन उमटले, तर फाइल खराब झाली असे वाटते. बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो. बिघडलेले असते ते त्याचे दिसणे.

संगणक अक्षराचे चित्र नव्हे, क्रमांक साठवतो. युनिकोडच्या मूळ देवनागरी तक्त्यात १२८ जागा आहेत. त्यात ‘न्हा’ हे जोडाक्षर नाही. न, हलन्त, ह आणि काना असे चार क्रमांक असतात. त्यांतून अक्षर घडवतात दोघे मिळून : फॉन्ट आणि सिस्टीममधली अक्षरजुळणीची यंत्रणा.

इंग्रजीत अक्षरे एकापुढे एक मांडली की भागते. देवनागरीत नाही. उरण तालुक्यातल्या ‘चिरनेर’ची पहिली वेलांटी साठवली जाते ‘च’नंतर, दिसते मात्र आधी. ‘कर्नाळा’तला र् साठवणीत ‘न’च्या आधी असतो, पडद्यावर तो रफार होऊन ‘ना’च्या डोक्यावर बसतो. जुळणी चुकली, तर समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांतला फरकही पुसला जाऊ शकतो.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. चौकोन दिसले, तर फॉन्ट नाही. अक्षरे सुटी किंवा वेलांटी भलतीकडे दिसली, तर जुळणी होत नाही. दोन्ही दुरुस्त होतात. विंडोज एक्सपीत त्यासाठी भाषेच्या पर्यायांत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरी दाखवणारा ‘निर्मला यूआय’ सोबतच येतो. लिनक्सवर चौकोन दिसले, तर ‘नोटो’ किंवा ‘लोहित’ देवनागरी फॉन्ट टाकावा. डेबियनमध्ये मराठीतून इन्स्टॉल करायचे, तर सुरुवातीलाच ग्राफिकल पर्याय निवडावा. साध्या अक्षरी पडद्याला ही जुळणी झेपत नाही.

प्रश्नचिन्हांची रांग मात्र वेगळी. देवनागरी न समजणाऱ्या प्रोग्रॅमने मजकूर तसाच सेव्ह केला, तर मूळ क्रमांकच गेलेले असतात. तेव्हा आधीची प्रत शोधावी.

सर्वांत मोठा धोका घाईचा. बिघडलेल्या पडद्यावर ‘नीट दिसावे’ म्हणून कोणी वेलांटी ‘च’च्या आधी टाइप केली, तर चुकीचा क्रम कायमचा साठतो. मग चांगल्या संगणकावर नाव वेडेवाकडे दिसते आणि यादीत शोधूनही सापडत नाही. सातबारा असो वा दवाखान्याची नोंद, आधी फॉन्ट तपासा. नावाला हात नंतर लावा.