झाडांचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की पुणे शहरात वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. खड्डे खणले जातात, छायाचित्रे निघतात आणि लावलेल्या रोपांचे आकडे प्रसिद्ध होतात. या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. अनास्थेपेक्षा उत्साह केव्हाही बरा. परंतु या आकड्यांनी नेमके काय मोजले जाते, हे विचारल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

नागरी भागांतील वृक्षांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ सालचा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली; पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारशाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. दुरुस्ती स्वागतार्हच होती. मात्र सत्तर वर्षांच्या वडाबद्दल सत्तर रोपे लावली, की खाते चुकते झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

वड, पिंपळ, उंबर या कुळाची फुले फळाच्या आत दडलेली असतात. त्यांचे परागीभवन एक चिमुकली गांधीलमाशी करते, आणि सामान्यतः प्रत्येक जातीची माशी निराळी. ती नाहीशी झाली तर वडाला रुजणारे बी धरणार नाही. शिवाय या कुळातील सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. इतर झाडे रिती असतात तेव्हाही कुठे ना कुठे एखादा उंबर लगडलेला असतो. कोकीळ, मैना, तांबट, राज्यपक्षी हरियाल आणि रात्री वटवाघळे यांचा चरितार्थ त्यावर चालतो. तांबट तर घरटे कोरतो ते वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत. आणि आपण नीटनेटकेपणाच्या हौसेने तीच फांदी आधी छाटतो. (वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून घरी पूजा मांडणाऱ्या समाजाला हे निराळे सांगायला नको!)

दुसरी गोष्ट टेकड्यांची. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाई हवी म्हणून गिरिपुष्पाची लागवड झाली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. आपल्याकडे त्याला ‘उंदीरमारी’ म्हणतात, यावरून त्याच्या गुणांची कल्पना यावी. ते झपाट्याने वाढते, गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, म्हणून ते सोयीचे ठरले. पण त्याच्या दाट सावलीत मूळचे गवत माजत नाही. चंडोल आणि टिटवी यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात; त्यांना झाडांची गर्दी हा आसरा नसून अडथळा आहे. उन्हाळ्यात पिवळा पडलेला गवताळ माथा पाहून ‘ही जागा ओसाड आहे’ असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांला पुष्कळ भेटतात. आषाढात त्याच माथ्यावर काय काय उगवते, हे त्यांनी एकदा वाकून पाहावे.

गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष अमेरिकेचा; म्हणून ते उपटावेत, असा आमचा आग्रह नाही. भर उन्हात त्यांच्या सावलीचे ऋण आपण सारेच बाळगतो. नव्याने लावताना मात्र निवड आपल्या हाती असते. महापालिकेने येत्या हंगामात रोपांच्या संख्येशेजारी त्यांची नावे आणि जागाही प्रसिद्ध कराव्यात, तीन वर्षांनी त्यांतली किती जगली ते सांगावे, आणि टेकड्यांच्या गवताळ माथ्यांवर एकही खड्डा खणू नये.