परत पाठवलेल्या पेशंटची नोंद कुठे आहे?

सकाळी सहाला घर सोडायचं, केसपेपरच्या खिडकीपुढे रांग धरायची. अकराला नंबर लागतो आणि आतून उत्तर येतं, "डोळ्यांचे डॉक्टर आज नसतात, गुरुवारी या." घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा तिथेच पडला. शुगरचा आजार असेल तर एका फेरीत भागत नाही. उपाशीपोटी रक्त एका दिवशी, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, मेडिसिनची ओपीडी तिसऱ्या, डोळ्यांची चौथ्या. चार खाडे झाले की बाई जायचंच सोडते.

आम्ही नर्स म्हणून ओपीडीच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका. "पुढच्या वारी या" हे आम्हीही शेकडो वेळा बोललो. तपासलेल्या पेशंटची रजिस्टरला नोंद व्हायची, परत गेलेल्याची कुठेच नाही. मग तेच रजिस्टर बघून ठरायचं की डोळ्यांच्या ओपीडीला आठवड्यातून एक दिवस पुरे आहे. मोजणीत जो नाही, त्याच्यासाठी डॉक्टर बसत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे वाचले, पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

म्हणून विशेषज्ञांची ओपीडी आखताना आपल्या मागण्या साध्या आहेत. शुगरच्या पेशंटचं रक्त, मेडिसिन आणि डोळे एकाच दिवशी व्हावेत. आज कोणते डॉक्टर बसणार, हे केसपेपर काढण्याआधीच बोर्डावर दिसावं. फेरतपासणीला तारखेबरोबर वेळ मिळावी. आणि न तपासता परत गेलेल्यांची रोज नोंद व्हावी.

ही नोंद रुग्णालय करत नसेल तर आपण करू. विहारात एक वही ठेवा. जो परत आला त्याने तारीख, विभाग आणि काय सांगितलं एवढंच लिहावं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यावं. तीन महिन्यांनी वहीची बेरीज करून, सह्यांनिशी अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना आणि रुग्ण कल्याण समितीला द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका. नुसती तक्रार बाजूला ठेवता येते, तारीखवार आकड्यांना उत्तर द्यावं लागतं.

तोवर घरात एवढं पाळा. शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. सुरुवातीला नजर चांगली असते, आतून मात्र पडदा खराब होत असतो. अंधुक दिसेपर्यंत थांबलात तर गेलेली नजर पुरती परत येईलच असं नाही. तपासणीत डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं. सोबत कुणीतरी न्या. जुने केसपेपर आणि रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.

वही येत्या रविवारीच सुरू करा.