कॉलम जिथे थांबतो

बंगळुरू म्हणजे संगणक, हे समीकरण इतके रुळले आहे की शहराच्या दक्षिणेकडचा बोम्मसंद्र-जिगणीचा औषधनिर्मितीचा पट्टा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बायोकॉन 1978 मध्ये याच शहरात सुरू झाली. गोळीत औषध असते काही मिलिग्रॅम, पण ते घडवायला, धुवायला आणि स्फटिकरूपात आणायला पिंपेच्या पिंपे सॉल्व्हंट लागते: आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे कारखान्यातले आयपीए, टीएचएफ, अॅसिटोनायट्राइल. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार औषध उद्योगात किलोभर मालामागे 25 ते 100 किलो, कधी त्याहून जास्त कचरा निघतो, आणि त्यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा असतो. यातले बरेचसे सॉल्व्हंट मुळात शाबूत असते. त्यात पाणी शिरल्यामुळे ते पुढच्या बॅचला चालत नाही, एवढेच. हे पाणी काढणारे परव्हॅपोरेशनचे यंत्र अशा पट्ट्याला विशेष मानवणारे आहे. डिस्टिलेशनचा कॉलम मोडीत काढून ते बसवावे असे मात्र नाही. कॉलमचे काम अडते तिथून पुढचे काम त्याच्याकडे द्यावे.

कॉलम अडतो याला कारण आहे. आयपीए आणि पाणी उकळत गेले की आयपीएचे वजनी प्रमाण सुमारे 88 टक्क्यांवर पोचते आणि तिथून वाफ व द्रव यांची घडण एकच होते. यालाच अझिओट्रोप म्हणतात. इथेनॉलची ही सीमा 95.6 टक्क्यांवर येते. ती ओलांडायला पूर्वापार तिसरे रसायन मिसळतात. इथेनॉलसाठी दीर्घकाळ बेंझीन वापरले गेले; ते कर्करोगकारक ठरल्यावर सायक्लोहेक्झेनसारखे पर्याय आले. परव्हॅपोरेशनमध्ये हा तिसरा पाहुणा लागतच नाही. गरम द्रव एका पटलावरून वाहतो. पटलाचा पाणी शोषणारा, बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा थर काही मायक्रॉनच जाडीचा असतो. पाणी त्यात विरघळते, झिरपत पलीकडे जाते आणि व्हॅक्यूममुळे तिथे वाफ होऊन निघून जाते. वाफ होते ती मुख्यतः पाण्याची. त्यामुळे 100 किलो मिश्रणातले 12 किलो पाणी काढायला ढोबळमानाने 28 हजार किलोज्यूल उष्णता लागते. उरलेले 88 किलो आयपीए एकदा उकळायचे म्हटले तरी त्याच्या दुप्पट उष्णता खर्च होते. व्हॅक्यूम पंप आणि थंडाव्याची वीज या हिशेबात धरायला हवी, पण तिने हिशेबाची दिशा सहसा बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच आहे. फ्रान्समधल्या बेथनीव्हिल येथे 1988 मध्ये दिवसाला दीड लाख लिटर इथेनॉल सुकवणारा परव्हॅपोरेशनचा प्रकल्प उभा राहिला, तरीही इथेनॉलचा बाजार पुढे पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या मॉलिक्युलर सीव्हने जिंकला. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतही इंधनाचे इथेनॉल बहुधा सीव्हनेच सुकवतात. हा आक्षेप खरा आहे, पण तो मोठ्या, अखंड चालणाऱ्या, एकाच मालाच्या कारखान्याला लागू पडतो. पटलाचे क्षेत्रफळ क्षमतेबरोबर जवळपास त्याच पटीत वाढते, म्हणून प्रचंड आकारात त्याला स्वस्ताई लाभत नाही. औषधाच्या कारखान्यात आज आयपीए, उद्या टीएचएफ, बॅच लहान आणि जागा अपुरी. चौकटीवर बसवलेले छोटे यंत्र तिथेच खपते.

दुसरा आक्षेप पटलाच्या नाजूकपणाचा. पाणी फार झाले की पॉलिव्हिनाइल अल्कोहोल फुगते आणि निवड करण्याची त्याची ताकद घटते. या थराच्या आधाराला पॉलिअॅक्रिलोनायट्राइल असेल तर डीएमएफसारखे सॉल्व्हंट ते विरघळवूनच टाकते. झिओलाइटचे पटल उष्णतेला टिकते, पण त्याचा ए प्रकार आम्लापुढे हार मानतो. म्हणून मदर लिकर, म्हणजे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला द्रव, थेट पटलावर सोडू नये. आधी कॉलममधून क्षार व गाळ मागे ठेवावा, आम्लता तपासावी. गुणवत्ता विभागाची धास्ती वेगळी: परत मिळवलेले सॉल्व्हंट औषधात चालेल का? औषधी द्रव्यांच्या उत्पादनाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, आयसीएच क्यू7, पुनर्वापराला मुभा देते. अट एवढीच की प्रक्रियेवर नियंत्रण व देखरेख हवी आणि माल योग्य मानकात बसावा. आणि 2008-09 मध्ये जगभर अॅसिटोनायट्राइलची टंचाई झाली तेव्हा ताजे सॉल्व्हंट हमखास मिळेलच हा भरवसाही ढळला. ते अॅक्रिलोनायट्राइलचे उपउत्पादन. मंदीने मुख्य मालाचे उत्पादन घटले की उपउत्पादनही आटते.

पटलांच्या या विद्येची एक शाळा कर्नाटकातच आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात तेजराज अमिनभावी आणि महादेवप्पा करिदुरगण्णवर यांनी आयपीएतले पाणी काढण्यासाठी सोडियम अल्जिनेट आणि कायटोसान यांच्या पटलांवर दीर्घ संशोधन केले. पहिला पदार्थ समुद्रशैवालातून येतो, दुसरा कोळंबीच्या टरफलातून. पण प्रयोगशाळेतले मिश्रण स्वच्छ असते आणि कारखान्याचे मळके. म्हणून यंत्राची पारख विक्रेत्याच्या स्वच्छ नमुन्यावर करू नये. आपल्याच कारखान्याचे वापरलेले सॉल्व्हंट द्यावे, काही महिने चालवून पाहावे, आणि किंमत यंत्राची न विचारता परत मिळालेल्या दर लिटरची विचारावी. त्या कसोटीला जे पटल उतरेल, तेच विकत घ्यावे.