पंचगंगेचा आलेख छापायला देताना

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यातल्या रोजच्या नोंदींचा आलेख छापखान्यात पाठवण्यापूर्वी एवढे तपासा:

● तारखा एका जागी गोळा झाल्या? आडवा अक्ष काळाचा आहे, हे ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला सांगावे लागते. नाहीतर ०५/०८/२०१९ मधला फक्त ५ वाचला जातो.

● अक्षरांऐवजी चौकोन? आलेख मॅटप्लॉटलिबमध्ये काढला असेल, तर त्याच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. फाँट बदलूनही जोडाक्षरे विस्कटली, तर ग्नूप्लॉटचा 'पीडीएफकैरो' पर्याय वापरून पाहा.

● नोंद चुकलेला दिवस? तिथे शून्य भरू नका, नदी कोरडी पडलेली दिसेल! डेटा फाइलमध्ये रिकामी ओळ सोडली की ग्नूप्लॉट रेषा तिथे तोडतो.

● आकार: १६ सेंमी रुंदीचा आलेख ८ सेंमीच्या स्तंभात बसवला, की १० पॉइंटची अक्षरे ५ पॉइंटची होतात. छापायच्या मापातच काढा.

● फाइल: स्क्रीनशॉट नको, पीडीएफ द्या. ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयला जेमतेम पावणेसात सेंमी भरते.

● रंग: कृष्णधवल छपाईत लाल-हिरवा सारखेच करडे दिसू शकतात. इशारा रेषा तुटक, धोका रेषा सलग ठेवा.