नाक सांभाळायचे दिवस

बाबांची वही अजून देवघराशेजारच्या फडताळात आहे. शंभर पानी, कोपऱ्यावर हळदीचा डाग. गेल्या आषाढात त्यांची सायनस लिफ्टची शस्त्रक्रिया झाली. त्या संध्याकाळपासून गुढीपाडव्याच्या सुमारास नवी दाढ बसली तोपर्यंतच्या नोंदी तिच्यात आहेत. परवा ती पुन्हा चाळली, तेव्हा जाणवलं की पहिले तीन आठवडे दातांपेक्षा नाकाबद्दलच जास्त लिहिलं गेलंय.

वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच हाडात एक पोकळी असते, तो सायनस. इंग्लंडमधल्या नथॅनिएल हायमोर या वैद्यांनी १६५१ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं होतं. दाढ काढून जागा रिकामी ठेवली की खालून हाड झिजत जातं आणि वरून ही पोकळी खाली उतरते. बाबांची दाढ काढून सात वर्षं झाली होती. हाड उरलं होतं चार मिलिमीटर, आणि इम्प्लांटला दहाच्या आसपास हवं होतं. दाढ काढली त्याच दिवशी कुणी एवढं समजावून सांगितलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

शस्त्रक्रियेत हिरडी बाजूला करून हाडात छोटी खिडकी पाडतात, सायनसचं अस्तर अलगद वर सरकवतात आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे कण भरतात. अस्तर मिलिमीटरभरही जाड नसतं. अंडं सोलताना कवचाच्या आत जो पापुद्रा लागतो, तसं. शिकणारे दंतवैद्य खरोखरच अंड्यांवर हात बसवतात. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही वाट दाखवली, बॉइन आणि जेम्स यांचा लेख १९८० साली आला. त्या काळी हाड रुग्णाच्याच कमरेतून घेत, म्हणजे एका दाढेपायी दोन जखमा. बाबांच्या वेळी बाटलीतले कण होते. गाईच्या हाडापासून केलेले चालतील का, हे डॉक्टरांनी आधीच विचारलं, आणि बाबांनी कृत्रिम निवडले. न विचारता कुणी ते भरले असते, तर त्यांना फार लागलं असतं.

घरी येताना हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. गोळ्या, मऊ आहार, बर्फाचा शेक, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत नाकाची एक ओळ. मी ती ओळ उचलून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिली. नाक शिंकरायचं नाही. शिंक दाबायची नाही, तोंड उघडून शिंकायचं. शहाळं पेल्यातून प्यायचं, स्ट्रॉने नाही. वाकून काही उचलायचं नाही. कपालभाती, जलनेती बंद. जोराने नाक शिंकरलं की हवा सायनसमध्ये घुसते, ताजं अस्तर हलतं आणि त्याखालचे सुटे कण जागचे सरकतात. टाका सुटला तर दिसतो, हे दिसत नाही. म्हणून त्याची धास्ती जास्त.

तिसऱ्या रात्री शिंक आली. बाबा दोन उश्यांवर टेकून पडले होते. आयुष्यभर वर्गात शिकवलेला माणूस, शिंक आली की रुमालात दाबायची सवय हाडात मुरलेली. हात नाकाकडे गेलाच. आई ओरडली, "अहो, तोंड उघडा!" आणि ते आ करून इतक्या मोठ्याने शिंकले की शेजारच्या खोलीतला भाचा जागा झाला. मग आम्ही तिघं बराच वेळ गप्प बसून राहिलो. काही झालं नव्हतं.

सूज त्याच दिवशी सर्वांत जास्त होती. गालावरचा काळानिळा डाग पुढे पिवळा होत जबड्यापर्यंत उतरला. चौथ्या दिवशी जिभेला रव्यासारखे दोन-तीन कण लागले, उशीवर नाकातल्या रक्ताचा ठिपका दिसला. फोन केला. एवढं चालतं, म्हणाले, रक्त वाहत राहिलं किंवा कण येतच राहिले तर लगेच या.

तोंडाची निगा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली होती. मऊ ब्रशने बाकीचे दात, टाक्यांची बाजू सोडून. अर्ध्या तासाने क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, कारण टूथपेस्ट लगेच आधी लावली तर त्याचा गुण उतरतो. चूळ खळखळवायची नाही, जोरात थुंकायचं नाही. तोंडात धरून मान हळू कलती करायची आणि बेसिनवर ओठ उघडून पाणी आपसूक पडू द्यायचं. दोन आठवड्यांत दातांवर चहासारखे तपकिरी डाग आले, ते नंतर साफ करून मिळाले. जेवण म्हणजे गार केलेली पेज, मेतकूट-भात, तूप. टाके दहाव्या दिवशी निघाले. ओठ उचलून आरशात टाके पाहायचा मोह बाबांना रोज व्हायचा, आणि आई रोज आरसा उचलून न्यायची.

गणपतीत आमच्या घरी आरतीला शंख बाबाच फुंकतात. या वर्षी नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शंख पाटावर तसाच राहिला, बाबा झांजा वाजवत राहिले. त्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने फक्त तारीख लिहिली आहे.

पुढे वही जवळजवळ कोरी आहे. सहा महिने हाड तयार होत होतं, त्याची नोंद काय करणार? पौषात स्कॅन झाला, इम्प्लांट बसलं, तीन महिन्यांनी कॅप. भाकरी त्या बाजूने पहिल्यांदा चावली तो दिवस मात्र लिहिलेला आहे, आणि खाली आईचं अक्षर: "दोन खाल्ल्या."

शंख परवा चिंच लावून घासून ठेवला. डॉक्टरांना विचारून झालंय.