टाक्याच्या भोकातून झिरपणारं रक्त
बायपासनंतर रक्त पुन्हा गोठावं म्हणून देतात ते प्रोटामिन मुळात सामन माशाच्या शुक्राणूंतून काढलं गेलं, हे मोरा बंदरातल्या कोळीबांधवांना सांगितलं तर गंमत वाटेल.

बायपासच्या वेळी रक्त ज्या हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात, त्यात ते गोठू नये म्हणून आधी हेपारिन देतात. काम संपल्यावर प्रोटामिनने ते निष्प्रभ करतात. पण यंत्रातून फिरून आलेल्या प्लेटलेट्स लगेच कामाला लागत नाहीत. दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीवर केसाएवढ्या धाग्याने घातलेल्या टाक्यांतून रक्त झिरपत राहतं. तिथे आणखी टाका घालावा, तर आणखी एक भोक!

अशा वेळी फायब्रिन ग्लू कामी येतो. एका सिरिंजमध्ये फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. दोन्ही टोकाशी मिसळतात आणि खपली धरण्याचा शेवटचा टप्पा काही सेकंदांत तिथेच उरकतो. पुढे शरीर ती जाळी विरघळवून टाकतं. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली.

रक्ताची चिळकांडी उडत असेल तर मात्र तो वाहून जातो. तिथे सुईदोराच हवा. आणि ग्लू रक्तवाहिनीच्या आत गेला तर जीवघेणी गुठळी होऊ शकते. दुसऱ्यांदा बायपास करताना जुने चिकटलेले पडदे सोडवावे लागतात, त्यामुळे झिरपण्याच्या जागा वाढतात. मनमोहन सिंग यांच्यावर २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत केलेली शस्त्रक्रिया अशीच दुसरी होती. ग्लू स्वस्त नाही, आणि सरसकट वापरण्याची गरजही नसते. बहुतेकदा सर्जन आधी गॉजची घडी दाबून धरतात आणि वाट पाहतात.