सहीपूर्वीची वकिली

वकील म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते ती न्यायासनासमोर साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या, वाक्चातुर्याने प्रतिपक्षाला नामोहरम करणाऱ्या कृष्णवस्त्रधारी वक्त्याची. आणि नाटकांनी व चित्रपटांनी ती इतकी ठसविली आहे की कायद्याच्या व्यवसायाचा फार मोठा, माझ्या मते समाजाला अधिक उपकारक असा भाग, न्यायालयाच्या दाराबाहेर, दस्तऐवजांच्या गठ्ठ्यांत मान घालून चालतो, हे ध्यानात येण्यासाठी बहुतेकांना स्वतःचा एखादा व्यवहार फसावा लागतो. या दुसऱ्या प्रकारच्या वकिलीला मुंबईत परंपरेने सॉलिसिटरचे काम म्हणतात. त्याविषयी प्रचलित असलेल्या गैरसमजांनी होणारी हानी दुहेरी आहे. अशील सही करून मोकळा झाल्यावर सल्ल्याला येतो. आणि ज्यांच्या ठायी चिकाटी, सूक्ष्म वाचन आणि नेमके लिहिण्याची हातोटी आहे असे कित्येक तरुण केवळ सभाधीटपणा नाही म्हणून या व्यवसायाच्या वाटेला जात नाहीत.

सॉलिसिटर हा वकिलापेक्षा निराळ्या, किंबहुना वरच्या वर्गातला, सरकारची स्वतंत्र सनद धारण करणारा इसम होय, ही समजूत आजही सुशिक्षितांत आढळते. एके काळी ती खरी होती. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा त्याच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे मुंबई शहरातील मोठे दिवाणी दावे ज्या शाखेत प्रथमतःच दाखल होत तेथे, इंग्लंडातील द्विविध पद्धती चालू राहिली: अशिलाची हकीकत ऐकून घेणे, कागद जमविणे, कैफियतीची तयारी करणे आणि ब्रीफ, म्हणजे युक्तिवादासाठी लागणारा प्रकरणाचा कागदसंच, बांधून देणे हे ॲटर्नीचे किंवा सॉलिसिटरचे काम, आणि ते ब्रीफ हाती घेऊन युक्तिवाद करणे हे बॅरिस्टरचे. अशिलाने परस्पर बॅरिस्टर गाठावा असा रिवाजच नव्हता. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले हे पुष्कळांना ठाऊक असते; त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन हे त्यांच्याही आधी इंग्लंडात सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ होत, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. बोलणाऱ्याची कीर्ती राहते आणि लिहिणाऱ्याची विरते, असाच हा प्रकार आहे.

या पद्धतीने सॉलिसिटरवर्गाच्या हाती केवढी सत्ता दिली होती हे समजण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुरेसे आहे. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिलीस आरंभ केला तेव्हा विद्वत्तेत त्यांची बरोबरी करणारे त्या न्यायालयाच्या आवारात कितीसे असतील? परंतु ब्रीफ सॉलिसिटरच्या दप्तरातून यावयाचे, आणि अस्पृश्यतेची घाण ज्यांच्या मनातून गेली नव्हती ते सॉलिसिटर त्यांच्याशी व्यवहार ठेवण्यास राजी नव्हते. त्यामुळे त्यांना अपील शाखेतील आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांतील कामांवर भिस्त ठेवावी लागली. ज्या व्यवस्थेचे गुण मी पुढे सांगणार आहे, तिचा हा कलंक झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने साऱ्या देशात ॲडव्होकेट हा वकिलांचा एकच वर्ग मान्य केला. मुंबई आणि कलकत्ता येथील ॲटर्नींची वेगळी व्यवस्था त्यातूनही काही वर्षे तगून राहिली; १९७६ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली आणि ही दुरुस्ती १ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. तेव्हा आज कायद्याच्या दृष्टीने सॉलिसिटर म्हणजे बार कौन्सिलची सनद घेतलेला ॲडव्होकेटच. त्याचा अधिकार इतरांहून तसूभर अधिक नाही आणि उणाही नाही. मग फोर्टातील जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर हे नाव अद्याप का दिसते? याचे कारण असे की बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, तिच्यापूर्वी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करावी लागते, आणि ही परीक्षा कठीण असल्याचा लौकिक अजून ओसरलेला नाही. नाव उरले आहे ते कायद्याच्या बळावर नव्हे, शिक्षणाच्या बळावर. द्विविध पद्धतीचा कायद्याने जिवंत ठेवलेला अवशेष पाहावयाचा असेल तर तो दिल्लीस, सर्वोच्च न्यायालयात आहे. तेथे पक्षकारातर्फे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ यालाच असतो, आणि ती पायरी गाठण्यासाठी चार वर्षांची वकिली, त्यानंतर एक वर्षाची उमेदवारी व परीक्षा, न्यायालयापासून सोळा किलोमीटरच्या आत कार्यालय आणि नोंदणीकृत कारकून इतक्या अटी पुऱ्या कराव्या लागतात.

येथेच एका नामसादृश्याचाही निकाल लावून टाकू. भारताचे सॉलिसिटर जनरल हे सॉलिसिटरांचे प्रमुख नव्हेत. ॲटर्नी जनरलच्या खालोखाल असलेले ते केंद्र सरकारचे विधी अधिकारी होत, आणि त्यांचे मुख्य काम न्यायालयात उभे राहून सरकारची बाजू मांडण्याचेच असते.

सॉलिसिटर कोर्टाची पायरी चढत नाही, हेही असेच अर्धसत्य. आज त्याला युक्तिवाद करण्यास कसलीही आडकाठी नाही. इंग्लंडातसुद्धा खालच्या न्यायालयांत सॉलिसिटर पूर्वापार बोलत आले आहेत आणि १९९० च्या कायद्याने वरिष्ठ न्यायालयांचे दारही त्यांना उघडले. तथापि मुंबईच्या ओरिजिनल साइडवर मोठ्या दाव्यांत सॉलिसिटरने तयारी करावी आणि कौन्सिलने, म्हणजे युक्तिवाद करणाऱ्या वकिलाने, बोलावे ही वहिवाट, कायद्याची सक्ती नसताही, पक्की आहे. कारण हजारो पृष्ठांच्या कागदपत्रांतून नेमकी चार पत्रे शोधून तारखांच्या क्रमाने लावणे आणि ती न्यायमूर्तींच्या मनावर बिंबविणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, आणि दोन्ही एकाच इसमात उत्तम वसतात असे क्वचितच घडते.

आता सॉलिसिटरचे काम म्हणजे तरी नेमके काय, ते एका जमिनीच्या व्यवहारावरून पाहू, कारण ‘सातबाऱ्यावर नाव आहे, मग मालकीचा प्रश्न उरतोच कुठे?’ हा आपल्याकडील सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. सातबारा हा महसुलाचा अभिलेख होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ अन्वये त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते हे खरे. परंतु फेरफाराची नोंद स्वतः मालकी निर्माण करीत नाही आणि नष्टही करीत नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. म्हणून जाणता सॉलिसिटर सातबारा हाती आला की मालकाच्या नावावरून नजर खाली उतरवून ‘इतर हक्क’ या रकान्यापाशी थांबतो. तेथे पुष्कळदा बहिणींची नावे असतात: बापाच्या पश्चात वारसनोंद होताना मुलांची नावे कब्जेदार म्हणून वर लागली आणि मुली सासरी गेल्या म्हणून त्यांना या रकान्यात बसविले, असा इतिहास त्या दोन ओळींत दडलेला असतो. खरेदीखतावर भावांच्या सह्या होतात, मोबदला चुकता होतो, आणि काही वर्षांनी एका बहिणीचा वाटपाचा दावा खरेदीदाराच्या दारी येतो. तो खोडसाळ नसतो. तिचा हिस्सा खराच असतो. हा सारा कज्जा एका रकान्याचे वाचन आणि बहिणींची खरेदीखतावर संमतीची सही किंवा रीतसर हक्कसोडपत्र एवढ्याने टळला असता.

त्यापुढे सॉलिसिटर जुने फेरफार एकामागून एक मागवितो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित न होणारी आहे काय, कुळाचा संबंध कधी आला होता काय, घेणारा स्वतः शेतकरी आहे काय, हे पाहतो. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात साधारणतः तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदविलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घेऊन गहाणखत किंवा साठेखत कोठे लपले आहे का हे तपासतो. आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतींना मुदत देतो. इतके झाल्यावरच मसुद्याला हात घातला जातो. मसुदा तयार झाला की आर्टिकल्ड क्लार्क मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा टंकलिखित प्रतीवर बोट ठेवून ऐकतो. गट क्रमांकातील एक अंक किंवा चतुःसीमेतील एक दिशा चुकली तर ती तेथेच सापडावी, यासाठी ही रीत. हे काम कंटाळवाणे आहे असे नवशिक्यांना वाटते. मला तर ते या व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचे काम वाटत आले आहे.

‘दस्त नोंदविला म्हणजे सरकारने मालकी मान्य केली’ आणि ‘नोटरी केले म्हणजे व्यवहार पक्का झाला’ या दोन समजुती याच कुळीतल्या. नोंदणीने दस्ताला कायदेशीर रूप आणि जाहीरपणा येतो. विकणाऱ्याजवळ जो हक्क नव्हताच तो त्यामुळे घेणाऱ्याकडे येत नाही. नोटरीचे काम तर मुख्यतः सही कोणी केली याची साक्ष देण्याचे आणि शपथ घेवविण्याचे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि केवळ कुलमुखत्यारपत्र व करारनामा यांच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही खोल्या आणि प्लॉट नोटरीच्या शिक्क्यावर हातोहात विकले जातच आहेत.

व्यवसाय म्हणून याकडे पाहणाऱ्यांचे समज निराळे असतात. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, मग बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, इथवरचा मार्ग सर्वांना एकच. यापुढे न्यायालयात बोलण्यावाचून गत्यंतर नाही असे मानणाऱ्याने एखाद्या पेढीचे दप्तर आतून पाहावे. तेथे स्थावर मिळकतींचे तज्ज्ञ असतात, कंपन्यांचे करारमदार करणारे असतात, मृत्युपत्रे आणि विश्वस्तनिधी यांत आयुष्य घालविलेले असतात. आणि ज्याच्या नावापुढे पदवी नाही पण ज्याच्यावाचून पेढीचे पान हालत नाही असा मॅनेजिंग क्लार्कही असतो. प्रोथोनोटरीच्या, म्हणजे ओरिजिनल साइडचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने काढलेली हरकत कशाने दूर होईल, कोणत्या अर्जाला किती मुद्रांक लागेल, हे नव्या पदवीधराला तोच शिकवितो. या कारकूनवर्गाला कमी लेखण्याची आपली खोड सर्वथैव गैर आहे. दुसरीकडे कंपनीत विधी अधिकाऱ्याची पगारी नोकरी धरणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसते की बार कौन्सिलच्या नियमान्वये पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाहीत, आणि त्या काळापुरती सनद स्थगित करून घ्यावी लागते. इंग्लंडास जाऊन सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की येथील पदवी तेथे आपोआप चालत नाही. सप्टेंबर २०२१ पासून तेथे दोन टप्प्यांची सामाईक परीक्षा आणि सामान्यतः दोन वर्षांचा कामाचा अनुभव ही पद्धत आहे, आणि मूळ पदवी कायद्याचीच असली पाहिजे असा आग्रह नाही.

अशिलांच्या मनातील भीतींपैकी दोन तर अगदीच निराधार आहेत. ‘वकिलाला सगळेच सांगू नये’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. वास्तविक अशिलाने सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास वकिलाला कायद्यानेच मनाई आहे; १८७२ च्या पुरावा कायद्यात ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे, आणि ती वकिलाच्या कारकुनाला व दुभाष्यालाही बांधते. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेले संभाषण तेवढे या संरक्षणाबाहेर. दुसरी भीती फीची: वकील मिळालेल्या रकमेत हिस्सा मागेल किंवा फीपायी कागद अडकवील ही. दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही, आणि फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडकवून ठेवण्याचा अधिकारही वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरविले आहे. ज्याचे कागद अडले असतील त्याने ते बेलाशक मागावेत.

आणि ज्यांना फीच परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे. त्याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडीत असलेले इसम यांना, उत्पन्न किती आहे हे न पाहता, ही सेवा मिळू शकते. ती केवळ कोर्टात चाललेल्या प्रकरणापुरती आहे ही समजूतही चुकीची. त्या अधिनियमाने विधी सेवेच्या व्याख्येतच कायदेविषयक सल्ल्याचा समावेश केला आहे. म्हणजे भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन सहीसाठी दारी आला असता, त्यावर नाव लिहिण्याआधी, कोणत्याही बहिणीला तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे तो कागद नेऊन त्याचा अर्थ विनामूल्य विचारता येतो.